अर्ध्या औंसाचा संसार

एका कागदाला पंचवीस सेंट. १८४५ पूर्वीच्या अमेरिकेत चारशे मैलांपलीकडे पत्र पाठवायचा हा भाव. कागद दोन झाले की पन्नास. लिफाफाही कागदच धरला जाई, मग ती चैन कोण करणार? मोठा ताव मधोमध दुमडायचा, तीन पानं भरायची, चौथं घडीत बाहेर राहील असं ठेवून त्यावर पत्ता घालायचा आणि लाखेने बंद करायचं. लाख फोडताना कागद फाटतो हे अनुभवाने कळलेली माणसं तेवढी जागा कोरी सोडत. नवशिक्यांच्या पत्रात नेमका हवा तो शब्द लाखेबरोबर गेलेला.

पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्यानेच भरायचे. लग्न होऊन ओहायोत गेलेल्या लेकीचं पत्र आलं की मॅसॅच्युसेट्समधल्या बापाचा हात आधी खिशाकडे जाई. लोवेलच्या कापडगिरणीतल्या मुलीला राहण्याजेवण्याचे वजा जाता आठवड्याला दोनेक डॉलर सुटत. त्यातला पाव डॉलर एका ख्यालीखुशालीला. 'किती दिवसांत तुझं पत्र नाही' ही त्या काळच्या पत्रांतली नेहमीची तक्रार. करणाऱ्याला हा हिशेब पाठ असायचा, तरी तक्रार व्हायचीच, तीही त्याच महागड्या कागदावर.

*

कागद संपला आणि सांगायचं उरलं, तर ताव आडवा फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच काटकोनात पुन्हा ओळी. सगळ्या पानाची जाळी. अशा एका पत्राचं छायाचित्र मी पंधरा मिनिटं डोळ्यांसमोर धरून बसलो, दीड ओळ लागली. ज्यांना ती पत्रं येत ते मेणबत्तीच्या उजेडात वाचत.

*

वर्तमानपत्राचं टपाल मात्र स्वस्त, एक किंवा दीड सेंट. छापील कागदावर हाताने काही लिहिलं तर पत्राचा दर लागायचा. म्हणून लोक बातमीतल्या अक्षरांखाली टाचणीने भोकं पाडत. पलीकडचा माणूस पान उजेडाकडे धरून अक्षरं जुळवत बसे: सगळे बरे, गाय व्याली, आजी गेली. धान्याच्या भावांच्या रकान्यातून घरातलं मरण वाचायचं, हे मला फार चमत्कारिक वाटतं. टपालखात्याला ही युक्ती ठाऊक होती. देशभरातली वर्तमानपत्रं उजेडाकडे धरायला त्यांच्याकडे माणसं कुठून येणार?

*

१८४५ मध्ये मोजणी कागदांवरून वजनावर आली. अर्ध्या औंसापर्यंत तीनशे मैलांना पाच सेंट, त्यापुढे दहा. १८५१ मध्ये आगाऊ पैसे भरले तर तीन हजार मैलांपर्यंत तीन सेंट. लिफाफे आले. आणि अर्ध्या औंसात कागदाखेरीज काय काय बसतं याचा शोध बायकांनी लावला. नव्या झग्याच्या कापडाचा बोटभर तुकडा टाचणीने लावून: 'याचा शिवला, बाही अशी घातली.' बाळाचे केस. फुलझाडाचं बी. दाबून वाळवलेलं फूल.

पत्राचा सूरही बदलला असं मला वाटतं. पंचवीस सेंटांच्या पत्रात सहा महिन्यांची जमाखर्चाची वही असते. कोण जन्मलं, कोण गेलं, पीक किती आलं, प्रार्थनेला कोणता उपदेशक आला. तीन सेंटांच्या पत्रात एखादी दुपार असते. काल शेजारीण आली आणि काय म्हणाली, एवढ्यासाठीसुद्धा कागद काढायला हरकत उरली नाही.

*

सोमवार धुण्याचा, मंगळवार इस्त्रीचा. न्यू इंग्लंडच्या घरांत हा क्रम जवळजवळ धर्मासारखा. धुवायचं, उकळायचं, खळबळायचं, म्हणजे एका धुण्याला पन्नासेक गॅलन पाणी, दोनशे लिटरच्या आसपास. ते विहिरीवरून वा हातपंपावरून वाहून आणायचं, चुलीवर चढवायचं, उतरवायचं, वापरून झालं की बाहेर नेऊन ओतायचं. मग नीळ, मग खळ, मग पिळणं. थंडीत दोरीवरचे कपडे लाकडासारखे ताठ.

सोमवारी लिहिलेली पत्रं आखूड का, हे त्यावरून कळतं. 'आता थांबते, पाणी उकळलं.' 'बाळ उठलं.' 'उजेड संपला.' संपादित संग्रहांत अशी वाक्यं कधी कधी टिंबं देऊन गाळलेली असतात, कारण संपादकाला त्यात काही घडताना दिसत नाही. मला तर तीच आधी हवी असतात. बाईने पत्र लिहायला वेळ कुठून काढला हे दुसरीकडे कुठे लिहून ठेवलेलं नसतं.

*

हॅरियट बीचर स्टोव्ह. १८४५ चा जून, सिनसिनाटी, पाच मुलं पदरी, नवरा परगावी. ती त्याला लिहिते ते 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणाऱ्या लेखिकेचं पत्र नाही, त्या कादंबरीला अजून सहा वर्षं आहेत. पाऊस, चिखल, ओल. सकाळपासून स्वयंपाकघरात, भांडी घासून झाली, कपाटं धुंडाळून झाली. दूध नासलेलं, मांस आंबलेलं, कपडे वाळायचं नाव घेत नाहीत, सगळ्या घराला आंबूस वास. पुन्हा कधी काही खाऊच नये असं तिला वाटतंय. एखाद्या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाला बायकोकडून असं पत्र आलं तर तो काय उत्तर लिहीत असेल?

चार वर्षांनी त्याच गावात कॉलरा. नवरा पुन्हा दूर, व्हर्माँटमध्ये पाण्याचे उपचार घेतोय. ती त्याला कळवत राहते, आणि येऊ नकोस असंही सांगते. घरचा कुत्रा अर्ध्या तासात तडफडून मेला. तो मेला म्हणून सगळे हळहळत असतानाच, धुणं धुणारी म्हातारी शेवटच्या घटका मोजतेय अशी बातमी आली. तिचं कफन हॅरियट आणि घरातल्या मुलींनी मिळून शिवलं, दुसऱ्या दिवशी डोक्याची टोपी हॅरियटने शिवली. कुत्रा, म्हातारी, कफन, टोपी, सगळं एका दमात. मग धाकटा चार्ली, दीड वर्षाचा. २६ जुलै १८४९ ला तो गेल्याचं पत्र. बाजारात जिचं मूल विकलं जातं त्या आईला काय होत असेल हे आपल्याला तेव्हा कळलं, असं तिने पुढे सांगितलं.

*

तिची थोरली बहीण कॅथरीन बीचर. १८४१ मध्ये तिने गृहव्यवस्थेवर जाडजूड ग्रंथ लिहिला: चूल कशी मांडावी, हवा कशी खेळती ठेवावी, नोकरांशी कसं वागावं, कपडे कसे धुवावे. देशभर खपला. कॅथरीनने लग्न केलं नाही. धाकटीचं आंबूस वासाचं पत्र तिने वाचलं असतं तर कपाटाला झरोका ठेवायला सांगितलं असतं. हसू येतं खरं, पण या कामाला शास्त्र म्हणायचं धाडस तिने केलं. बायका ते उपजतच शिकून येतात असं तोवर मानलं जाई.

या बीचर मंडळींची आणखी एक रीत. लायमन बीचर यांची अकरा वाढलेली मुलं, पुढे गावोगाव विखुरलेली. एक कागद निघायचा, पहिल्याने लिहून दुसऱ्याकडे पाठवायचा, त्याने खाली आपली भर घालून तिसऱ्याकडे. कागद घरोघर फिरून येईतो त्यावर भांडणं, धर्मचर्चा, आजारपणं आणि टोमणे यांची दाटी. एखाद्या भावाने कागद महिनाभर टेबलावर ठेवला की पुढच्यांची बोलणी खायची.

*

अब्राहम लिंकन, वॉशिंग्टन, १६ एप्रिल १८४८. काँग्रेसचा सभासद, म्हणजे टपाल फुकट, फक्त बाहेर सही करायची. बायको मेरी मुलांना घेऊन केंटकीत माहेरी. तू इथे होतीस तेव्हा कामात अडथळा वाटायचा, आता नुसतं कामच उरलं तर त्याला चव नाही, असं तो कबूल करतो. मग मुद्द्यावर येतो. मोजे. धाकट्या एडीसाठी मेरीने चौकड्यांचे मोजे मागवले होते. एका दुकानदाराने धंदाच बंद केलेला, दुसऱ्याकडे तिने सांगितले तसले नाहीत. साध्या मोज्यांचा एकच जोड त्या पावलांना येईलसा वाटला. स्वतःसाठी सदऱ्याची बटणं मात्र त्याने घेतली, पन्नास सेंटांचं एक, तिन्ही मिळून दीड डॉलर, आणि तो भावही कळवला. तुझी डोकेदुखी गेली का, असंही विचारलं.

मेरीचं उत्तर मे महिन्यातलं. एडीला मांजराचं पिल्लू मिळालं, तो त्याला पावाचे तुकडे आणि पाणी देत बसला. मेरीच्या सावत्र आईला मांजरांचा तिटकारा. तिने नोकराकडून पिल्लू बाहेर टाकायला लावलं, आणि एडीने रडून घर डोक्यावर घेतलं. सांगता सांगता मेरी सावत्र आईवरचा जुना रागही काढून घेते, नाव न घेता.

एडी १ फेब्रुवारी १८५० ला गेला. चार वर्षांचा व्हायला महिना-सव्वा महिना राहिला होता.

*

कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि हजारो पुरुष घरं सोडून गेले. पूर्व किनाऱ्यावरून तिथे पत्राला चाळीस सेंट, पनामाची संयोगभूमी ओलांडून बोटीने. सॅन फ्रान्सिस्कोच्या टेकडीवरून टपालाची बोट दिसल्याची खूण झाली की टपालकचेरीपुढे रांग. लोक रात्रभर उभे राहत. काही जण पत्राची वाट न पाहताच रांगेत उभे राहायचे, जागा विकण्यासाठी. त्यांचा धंदा खाणीपेक्षा भरवशाचा असावा.

लुईझ क्लॅप ही डॉक्टर नवऱ्याबरोबर खाणकामगारांच्या वस्तीत गेलेली बाई. तिथून तिने मॅसॅच्युसेट्सच्या बहिणीला लिहिलेली तेवीस पत्रं १८५४-५५ मध्ये एका मासिकात छापली गेली. खून, जुगार, फाशी, सगळं त्यात आहे. माझ्या ध्यानात राहिलं ते तिच्या लाकडी खोपटातलं शेकोटीवरचं फळकूट. त्यावर जुने डबे कापून पत्रे ठोकलेले, आणि पत्र्यांवर डब्यांतल्या पदार्थांची नावं अजून वाचता येतात. ती हे बहिणीला खोपट मिरवत सांगते. कीव नको आहे तिला.

*

आता ज्यांना लिहू दिलं जात नव्हतं ती माणसं. नॉर्थ कॅरोलायनात गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा होता. हॅरियट जेकब्जला लहानपणी मालकिणीने शिकवलेलं. छळणाऱ्या मालकापासून सुटण्यासाठी ती एडंटनमध्ये आजीच्या घराच्या माळ्यावर लपली. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, उंची सर्वांत जास्त तिथे तीन फूट. जवळजवळ सात वर्षं. खाली तिची मुलं खेळत, तिला ती भोकातून दिसत.

आपण उत्तरेत पळालो असं मालकाला वाटावं म्हणून तिने पत्रं लिहिली. न्यू यॉर्कच्या एका वर्तमानपत्राचा तुकडा मिळवला, त्यातून रस्त्यांची नावं घेतली, पत्त्याला खरेपणा यावा म्हणून. विश्वासातल्या माणसाने ती पत्रं उत्तरेत नेऊन टपालात टाकली. मालक पत्र घेऊन आजीकडे आला आणि त्याने ते वाचून दाखवलं. माळ्यावरून उतरून आडोशाला बसलेली हॅरियट ऐकतेय, आणि तो वाचतोय ते तिचं पत्रच नाही! मूळ पत्र दाबून त्याने मनचं लिहून आणलं होतं: ती पस्तावली आहे, परत यायचं म्हणते. खोट्या पत्त्यावरच्या पत्राला खोटं पत्र. १८६१ मध्ये नावं बदलून तिने हे सगळं पुस्तकात लिहिलं.

यादवी युद्ध संपल्यावर, १८६५ च्या ऑगस्टमध्ये, ओहायोतल्या डेटनहून जॉर्डन अँडरसनचं पत्र गेलं, जुन्या मालकाला. त्याने टेनेसीत परत कामाला बोलावलं होतं. जॉर्डनने दुसऱ्याकडून लिहवून घेतलं. आधी नव्या घरची हकीकत: पगार, मुलं शाळेत जातात, इथले लोक बायकोला, मँडीला, मिसेस अँडरसन म्हणतात. मग अतिशय नम्र शब्दांत हिशेब. मी बत्तीस वर्षं राबलो, मँडी वीस वर्षं. महिना पंचवीस डॉलर मला, आठवड्याला दोन डॉलर तिला, एकूण अकरा हजार सहाशे ऐंशी. कपडे, डॉक्टरच्या तीन खेपा आणि मँडीचा दात काढल्याचा खर्च वजा करून घ्या, बाकी पाठवून द्या, म्हणजे तुमच्या शब्दावर भरवसा ठेवता येईल. वर्तमानपत्रांनी ते छापलं. उपहास असा सभ्य कपडे घालून आलेला मी फार थोड्या पत्रांत पाहिला आहे. मी आकडे मांडून पाहिले, बरोबर आहेत.

न्यू ऑर्लिन्सच्या एका मेथडिस्ट साप्ताहिकात पुढे हरवलेल्या आप्तांचं सदर चाले. आईचं नाव, मालकाचं नाव, कोणत्या गावी कोणाला विकली, भावंडं किती. छापायला पन्नास सेंट. धर्मोपदेशकांनी ते व्यासपीठावरून वाचून दाखवावं अशी विनंती असे. ज्या पत्राला पत्ताच नाही ते असं पाठवायचं.

*

युद्धात सैनिकाला तिकिटाशिवाय पत्र टाकायची मुभा मिळाली, पैसे घरच्यांनी भरायचे. नाण्यांचा इतका तुटवडा की १८६२ मध्ये सुट्या पैशांऐवजी टपाल तिकिटं हातोहात फिरू लागली आणि खिशातल्या घामाने एकमेकांना चिकटली. लुइझा मे अल्कॉट जॉर्जटाउनच्या इस्पितळात जेमतेम सहा आठवडे परिचारिका होती, मग विषमज्वराने घरी आली. घरी धाडलेल्या पत्रांतून तिचं पहिलं गाजलेलं पुस्तक झालं. वॉल्ट व्हिटमन खाटांमधून कागद आणि तिकिटं घेऊन फिरे, हात गमावलेल्यांची पत्रं लिहून देई. उलट बाजूने येणारी बायकांची पत्रं: डुक्कर विकू का, कुंपण मोडलं आहे, गहू कोण कापणार. सुरुवातीला प्रश्न असतात. वर्षभराने बहुधा नुसतं कळवणं असतं: विकलं.

टपाल घरपोच मिळायला लागलं ते १ जुलै १८६३ पासून, एकोणपन्नास शहरांत. क्लीव्हलंडच्या एका कारकुनाने थंडीत कुडकुडत युद्धाच्या बातमीसाठी रांगेत उभ्या असलेल्या बायका पाहिल्या आणि ही कल्पना काढली, असं सांगतात. खेड्यांना १८९६ पर्यंत थांबावं लागलं.

*

रोझेल, न्यू जर्सी. १८८० मध्ये दंतवैद्याकडे बसल्या बसल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी मिशनऱ्यांचं एक जुनं मासिक चाळलं. त्यात गोपाळराव जोशी नावाच्या ब्राह्मणाने बायकोच्या, आनंदीबाईंच्या, शिक्षणासाठी लिहिलेलं पत्र होतं. संपादक वाइल्डर हे कोल्हापुरात राहून गेलेले मिशनरी, त्यांनी पत्र छापलं पण उत्तरात धर्मांतराचा सूर लावला. कार्पेंटरबाईंनी घरी जाऊन लिहिलं ते थेट आनंदीबाईंना.

गोपाळराव टपालखात्यात कारकून. या सगळ्यात ते मला फार जागच्या जागी बसलेले दिसतात. दोन बायकांचा पत्रव्यवहार तीन वर्षं चालला, त्यात इकडच्या चालीरीती तिकडे गेल्या, तिकडची औषधं इकडे आली. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी म्हणून लिहीत. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघून जूनमध्ये त्या न्यू यॉर्कला उतरल्या, धक्क्यावर मावशी उभ्या. पत्रातली माणसं प्रत्यक्ष भेटली की बहुधा थोडी निराशा पदरी येते. इथे तसं झालेलं दिसत नाही.

रोझेलच्या त्या घरात अठरा वर्षांची मुलगी लुगडं नेसून, शाकाहार सांभाळून राहिली. मग फिलाडेल्फिया, बायकांचं वैद्यकीय महाविद्यालय. तिथल्या खोलीतल्या शेकोटीचा धूर धुराड्यातून न जाता खोलीतच कोंडे. थंडीने गारठायचं की धुराने गुदमरायचं, एवढीच निवड. कॅथरीन बीचरने धुराडं आणि हवा यांवर पानंच्या पानं लिहिली, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, समारंभाला पंडिता रमाबाई विलायतेहून आल्या. रमाबाईंच्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती'त अमेरिकेतल्या घरगुती राहणीवर वेगळं प्रकरण आहे. ते आज वाचताना गंमत वाटते, कारण बघणारी बाई भारावलेली आहे आणि तरी मोजमाप घेते आहे.

२६ फेब्रुवारी १८८७ ला आनंदीबाई पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी मावशींकडे पाठवल्या. न्यू यॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर घराण्याच्या जागेत त्या आहेत.

*

लिडिया मारिया चाइल्डने १८२९ च्या आपल्या काटकसरीच्या पुस्तकात बायकांना सांगून ठेवलं होतं की जुन्या पत्रांचे पाठकोरे कागद टाकू नका. ॲम्हर्स्टच्या एमिली डिकिन्सनने ते अक्षरशः पाळलं. पोस्टाचे उसवलेले लिफाफे, चॉकलेटचं वेष्टन, खोबऱ्याच्या केकच्या पाककृतीची मागची बाजू, यांवर तिच्या कविता आहेत. वडिलांना तिच्याच हातचा पाव लागे. राय आणि मक्याच्या तिच्या पावाला १८५६ च्या जनावरांच्या जत्रेत दुसरं बक्षीस मिळालं. ती कविता छापत नव्हती, पत्रात घालून पाठवत होती, कधी फुलांबरोबर, कधी केकबरोबर.

तिने लिहिलेली हजारावर पत्रं लोकांनी जपली. तिला आलेली बहुतेक सगळी, ती १८८६ मध्ये गेल्यावर, बहीण लव्हिनियाने तिच्याच सांगण्यावरून जाळली. त्यामुळे आपण टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी बसल्यासारखे, एकच बाजू ऐकतो.

१८८३ च्या सुमारास एका ओळखीच्या बाईंना तिने काळ्या केकची कृती लिहून पाठवली. दोन पौंड पीठ, दोन पौंड साखर, दोन पौंड लोणी, एकोणीस अंडी, पाच पौंड मनुका, वर अर्धा पाइंट ब्रँडी आणि काकवी. लहान साच्यांत अडीच-तीन तास लागतात. दुधाच्या पसरट भांड्यात भरून केला तर पाच-सहा तास.